जोशी लेन ते स्टेशन

मुलुंडच्या एखाद्या घरात 'जरा स्टेशनला जाऊन येते' असं कुणी म्हणालं, तर ती बाई गाडी पकडणार आहे असं कुणीही समजत नाही. कोथिंबीर, उदबत्तीचा पुडा, पिको-फॉलला टाकलेली साडी आणि जमलंच तर अर्धा डझन केळी घेऊन ती तासाभरात परत येते. घाटकोपरला हेच, बोरीवलीला हेच. पुण्याच्या माणसाला गावाचा मध्य विचारला तर तो मंडईकडे बोट करील. उपनगरातल्या माणसाचा मध्य म्हणजे स्टेशनबाहेरचा तो दोन-तीनशे मीटरचा तुकडा. बँक तिथे, रिक्षाची रांग तिथे, भांडणं तिथे, निवडणुकीच्या कोपरासभाही तिथेच.

हा तुकडा माणसांना वावरण्याजोगा करायचा, तर ते कुणी करायचं आणि कुणाला विचारून? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाची जी काही उत्तरं शोधली गेली, त्यांतलं सर्वांत नावाजलेलं उत्तर स्टेशनाच्या चौकात सापडलं नाही. ते घाटकोपर पूर्वेच्या एका गल्लीत सापडलं. त्या गल्लीचं नाव जोशी लेन.

या उपनगरांना स्वतःचा कारभार पाहायची सवय एके काळी होती, हे आता कुणाच्या लक्षात नसतं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि साष्टीतल्या गावांचं नशीब रुळांना बांधलं गेलं. पुढे घाटकोपर-किरोळची स्वतंत्र नगरपालिका होती. मुलुंडचा आराखडा तर १९२२च्या सुमाराला क्राऊन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी आखला. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत आजही मुलुंड पश्चिमेत गल्ल्या एकमेकींना काटकोनात छेदतात, त्या त्याच पाटीवरच्या रेघा. मग १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द उत्तरेकडे सरकली आणि १९५७ला ती दहिसर-मुलुंडपर्यंत येऊन टेकली. बोरीवलीचं गटार तुंबलं तरी त्याचा निर्णय शेवटी फोर्टातल्या त्या घुमटाखाली व्हायचा. विभाग कार्यालयं होती, पण माणसांच्या मनात 'म्युनसिपाल्टी' दूर गेली ती गेलीच. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती. एवढी माणसं, आणि आपल्या चौकाबद्दल बोलायला त्यांना पाच वर्षांतून एकदा मतदान केंद्र.

जोशी लेनमध्ये १९९६-९७च्या सुमाराला जे घडलं, ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवं. गल्लीची तक्रार अगदी साधी होती: रस्ता उखडलेला आणि कचरा उघड्यावर. अशा तक्रारीचा अर्ज विभाग कार्यालयात गेला की त्याचं काय होतं, हे मुंबईकराला सांगायला नको. इथे मात्र एक व्यवहार ठरला. रहिवासी घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा करतील, गल्ली स्वच्छ ठेवतील, आणि महापालिकेचा एन विभाग त्यांचा रस्ता नीट करून देईल. दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यायचं होतं, म्हणून दोन्ही बाजूंचा शब्द टिकला. घनकचऱ्याच्या वर्गीकरणाचे केंद्र सरकारचे नियम २००० साली आले. घाटकोपरची ही गल्ली त्याच्या तीन-चार वर्षं आधीच दोन डबे वापरत होती.

महापालिकेने १९९७मध्ये ही रीत शहरभर न्यायचं ठरवलं आणि तिला एक भारदस्त नाव दिलं: प्रगत परिसर व्यवस्थापन. हे नाव कागदावरच राहिलं. लोक 'एएलएम' म्हणतात. एका गल्लीतल्या किंवा सोसायट्यांच्या पुंजक्यातल्या साधारण हजारभर माणसांची एक समिती, तिची विभाग कार्यालयात नोंद, तिच्यासाठी नेमून दिलेला एक अधिकारी आणि अधूनमधून सहायक आयुक्तांबरोबर बैठक, एवढीच ही रचना. नियमित निधी नाही, कायद्याचं पाठबळ नाही. तरीही काही वर्षांतच नोंदलेल्या एएलएमचा आकडा सातशेच्या वर गेला. त्यांपैकी जाग्या किती आणि नुसत्या कागदावर किती, हे प्रत्येक विभागातल्या मुकादमाला बरोबर ठाऊक असतं.

उपनगरांत ही कल्पना एवढी का धरली, याचं एक कारण नाकाशी आहे. मुंबईचा कचरा जायचा कुठे? देवनारला १९२७पासून, मुलुंडला १९६७पासून, आणि बोरीवलीच्या बाजूला गोराईला. शहराने आपली केराची टोपली उपनगरांच्या अंगणात ठेवली होती. गोराई २००७मध्ये बंद झालं, मुलुंड २०१८मध्ये. मुलुंड पूर्वेला ज्यांनी दिवस काढले त्यांना वाऱ्याची दिशा नाकाने कळायची. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की खिडक्या पटापट लागत. जानेवारी २०१६मध्ये देवनार पेटलं तेव्हा धूर सगळ्या मुंबईला दिसला, पण चेंबूर-घाटकोपरकडच्या माणसांच्या तो छातीत गेला. कचरा हा इथे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला धडा कधीच नव्हता.

आमच्या गल्लीची गोष्ट सांगतो. ती जोशी लेनइतकी प्रसिद्ध नाही, आणि तिला पुरस्कारही मिळालेला नाही. पाच सोसायट्यांचे मिळून खताचे दोन खड्डे खणले गेले. विटांचे, बाजूला हवेसाठी भोकं सोडलेले, वर जाळीचं झाकण. सगळा कारभार एका निवृत्त शिक्षिका काकूंकडे. त्यांनी वर्षभर घरोघर फिरून डबे तपासले, आणि तेही वर्गातल्या वह्या तपासाव्यात तसे. ओल्या डब्यात दुधाची पिशवी निघाली की ती त्याच दारावर टांगून ठेवायच्या. पहिल्या उन्हाळ्यात खत झालं, काळं, भुसभुशीत, मातीचा वास असलेलं. आम्ही हरखलो. दुसऱ्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी शिरलं, अळ्या झाल्या, आणि तळमजल्यावरच्या कुटुंबाने सोसायटीच्या सभेत जो आवाज लावला तो मला अजून ऐकू येतो.

काकूंनी मग खरं शास्त्र शिकून घेतलं. ओल्याच्या दुप्पट सुकं लागतं. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं चालतात, वडाची आधी चुरडून घ्यावी लागतात. विरजणाला बाजारातलं कल्चर नसेल तर आंबट ताक आणि गुळाचं पाणी. चार दिवसांनी हात घालून बघायचं: कोमट लागलं पाहिजे, गार लागलं तर आत काही घडत नाही. खताचा खड्डा आणि एएलएम यांची जात एकच, हे मला तेव्हा कळलं. रोज कुणीतरी वर-खाली केलं नाही तर दोन्ही कुजतात.

हे रोजचं वर-खाली करणारे हात बहुतेक वेळा रहिवाशांचे नव्हते. १९७५मध्ये मुंबईत सुरू झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८पासून 'परिसर विकास' नावाचं काम उभं केलं. 'मुलगी झाली हो' लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकारातून ते वाढलं. पाठीवर गोणी टाकून कचराकुंड्या धुंडाळणाऱ्या बायकांना प्रशिक्षण मिळालं, ओळखपत्र मिळालं, बचतगट मिळाले. खत करणं, बायोगॅसचं संयंत्र चालवणं त्या शिकल्या. भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं 'निसर्गऋण' हे बायोगॅसचं तंत्र काही ठिकाणी याच बायकांच्या हाती चाललं. या बायकांना 'परिसर भगिनी' म्हणतात. ओळखपत्र नसलेली कचरा वेचणारी बाई सोसायटीच्या वॉचमनच्या लेखी चोर असते. ते गळ्यात आलं की तिच्यासाठी फाटक उघडतं. ज्या एएलएम टिकल्या, त्यांतल्या कितीतरींच्या टिकण्यामागे अशी फाटकातून आत आलेली एखादी बाई आहे. समितीच्या यादीत मात्र तिचं नाव नसतं. यादी रहिवाशांची, आणि ती राहते दुसरीकडे, बहुधा गोवंडीच्या किंवा भांडुपच्या वस्तीत.

इथे एएलएमची मर्यादा सुरू होते. इसा बॉड आणि नवतेज नैनन या अभ्यासकांनी मुंबईच्या प्रभाग समित्या आणि एएलएम यांची तुलना करून २००८मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्यांच्या मांडणीचा मथितार्थ असा की मध्यमवर्गाला एएलएममुळे थेट अधिकाऱ्यांपर्यंत जायची वाट मिळाली. झोपडपट्टीतल्या माणसाची वाट नगरसेवकावरून जाते, इमारतीतल्या माणसाची सहायक आयुक्तांच्या दालनातून. नगरसेवक मंडळी एएलएमवर नाराज असत त्याचं कारण यातच आहे, आणि ती नाराजी सगळीच स्वार्थी नव्हती. निवडून न आलेल्या पंधरा माणसांनी गल्लीत फेरीवाला असावा की नसावा ते ठरवायचं, हा अधिकार त्यांना कुणी दिला? मी स्वतः अशा समितीत बसलो आहे. आमच्या बैठकीत कचऱ्याचा विषय वीस मिनिटांत संपायचा आणि उरलेला तास 'बाहेरच्यां'च्या पार्किंगवर जायचा.

अंधेरीकडे, म्हणजे महापालिकेच्या के पश्चिम विभागात, लोकांनी आणखी एक वाट चोखाळून पाहिली. २००७च्या महापालिका निवडणुकीत जुहूच्या ६३ क्रमांकाच्या प्रभागातून ॲडॉल्फ डिसोझा निवडून आले. पक्षाने दिलेला उमेदवार स्वीकारण्याऐवजी रहिवाशांनी आपल्यातूनच उभा केलेला हा माणूस. नगरसेवक नको म्हणून थेट अधिकाऱ्याकडे जाण्यापेक्षा नगरसेवकच आपला करावा, असा हा हिशोब होता. जुहूला त्याच सुमाराला वास्तुविशारद पी. के. दास यांच्यासोबत रहिवाशांनी आपल्या परिसराचा आराखडा स्वतः काढायला घेतला. त्याचा गाभा होता इर्ला नाला. अंधेरी-पार्ल्याकडून जुहूकडे वाहणारं ते पाणी म्हणजे एके काळचा ओढा. त्याच्याकडे घरांनी पाठ केली म्हणून तो गटार झाला होता. दास यांची मांडणी साधी आणि हुशार होती: मुंबईत मोकळी जागा नाही असं आपण म्हणतो, आणि नाल्यांच्या दोन्ही काठच्या पट्ट्या मोजतच नाही. त्या पट्ट्या साफ करून चालायची वाट केली, झाडं लावली, बाकं ठेवली, तर वस्त्या आणि इमारती दोन्ही नाल्याकडे तोंड करतील. खासदार निधीतून पैसा आला, जावेद अख्तर यांच्या निधीचा त्यात मोठा वाटा होता, आणि कैफी आझमी उद्यानाच्या परिसरातला टप्पा प्रत्यक्षात उतरला. २०१६चं जेन जेकब्स पदक दास यांना मिळालं. जेकब्सबाई न्यूयॉर्कच्या. त्यांनी शहरातून महामार्ग घुसवू पाहणाऱ्यांशी गल्लीच्या बाजूने लढाई केली होती. त्यांच्या नावाचं पदक मुंबईत एका नाल्याकाठी यावं, यात गंमतही आहे आणि औचित्यही.

नाल्याकाठचं काम पाहून एक शंका मात्र येतेच. सकाळी सहाला फाटक उघडतं, फेऱ्या मारणारे बूट घालून येतात, मग वेळ संपली की फाटक बंद. मुंबईत सुधारलेल्या प्रत्येक जागेला आधी कुंपण येतं. जागा वाचवायला ते लागतं असं सांगतात, आणि ते अगदीच खोटं नाही.

लोकसहभाग या शब्दाची सगळ्यांत मोठी परीक्षा झाली ती शहराच्या विकास आराखड्याच्या वेळी. २०१४ ते २०३४ या वीस वर्षांचा मसुदा फेब्रुवारी २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी आपापलं घर नकाशात शोधायला घेतलं, आणि हाहाकार उडाला. हयात इमारतींवरून रस्ते गेलेले, प्रार्थनास्थळं गायब, वारसा वास्तू नोंदीतच नाहीत. गावठाणं आणि कोळीवाडे यांना आपली हद्द नकाशावर शोधून सापडेना. अंधेरीच्या आंबोलीपासून बोरीवलीच्या एक्सरपर्यंतची गावं उपनगर जन्मायच्या आधीची आहेत. एक्सरला तर शिलाहारकालीन मानले जाणारे वीरगळ उभे आहेत. त्या गावांना 'तुम्ही इथे आहात याचा पुरावा द्या' असं सांगितल्यासारखं ते झालं. हरकती आणि सूचना ६५ हजारांच्या वर गेल्या. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एप्रिल २०१५मध्ये मसुदा नव्याने करायचा आदेश दिला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं.

६५ हजार हरकती हा लोकसहभागाचा विजय म्हणायचा की पराभव? मी तो निम्मा पराभव मानतो. जमीनवापराचे नकाशे तयार होत होते, तेव्हाच 'हमारा शहर विकास नियोजन अभियान'सारखे गट वस्त्यावस्त्यांतून बैठका घेऊन चुका दाखवत होते. एखाद्या गल्लीत दोन वेळा चक्कर मारली असती तर ज्या चुका सहज सुधारल्या असत्या, त्यासाठी हजारो माणसांना दुपारी रजा काढून सुनावणीला यावं लागलं. आपल्याकडे माणसाला विचारतात ते त्याचं घर नकाशातून पुसल्यावर.

कायदा नाही असंही नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या. ती १ जून १९९३पासून लागू आहे. महाराष्ट्राने २००९मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे शहरातली ग्रामसभाच म्हणा. मुंबईत ती कागदावर राहिली. पुण्यात २००६-०७पासून नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवायची पद्धत सुरू झाली. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९मध्ये जे केलं त्याचा तो धाकटा अवतार. मुंबईत ७ मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही, आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. एएलएम ज्या वाटेने जात होती, ती त्या काळात सगळ्यांचीच एकमेव वाट झाली: थेट साहेबांकडे. फरक इतकाच की इमारतीतल्या माणसाला साहेबांच्या दालनाचा मजला आधीपासून ठाऊक होता.

आता स्टेशनवर येऊ.

स्टेशनबाहेरच्या गर्दीवर सरकारने आकाशातून उपाय केला. २००८मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक उघडला आणि मग एमएमआरडीएने महानगर प्रदेशात असे ३६ बांधले. बोरीवली, कांदिवली, गोरेगाव, सांताक्रूझ अशी रांगच लागली. कल्पना अशी की पादचारी वरून जाईल, वाहनं खालून. पण ज्याला कोथिंबीर घ्यायची आहे तो दोन मजले चढून वरून का जाईल? स्टेशनला जाणं म्हणजे बाजार करणं, हे वाक्य त्या आराखड्याच्या टेबलावर कुणीही उच्चारलं नसावं. काही स्कायवॉक वापरात आले, काहींवर रात्री दिवे नसत. वांद्रे पूर्वेचा तो पहिलावहिला स्कायवॉक २०१९मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि पुढे पाडावा लागला.

अंधेरीचं तर विचारूच नका. गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ला सकाळी रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२मध्ये पूल पूर्ण बंद झाला. फेब्रुवारी २०२४मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळेना. दोहोंच्या उंचीत माणसाच्या खांद्याएवढा फरक. तो जुळवायला आणखी काही महिने गेले. अंधेरीकरांनी त्यावर जे विनोद केले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत.

स्टेशनाचा खरा वाद मात्र जमिनीवर आहे, ताडपत्रीएवढ्या जमिनीवर. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर १ नोव्हेंबरच्या निकालात उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरी नको, हा नियम कायम केला. फेरीवाल्यांच्या बाजूनेही कायदा आहे. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फेरीवाल्यांसाठी क्षेत्रं आखायची दिशा दिली, १९८९मध्ये पदपथावर धंदा करण्याला व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग मानलं, आणि २०१४मध्ये संसदेने पथविक्रेता कायदा केला. त्यात म्हटलंय की आधी पाहणी करा, तोवर कुणाला उठवू नका. आणि प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती नेमा, तिच्यात किमान ४० टक्के विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत, त्यांत एक तृतीयांश बायका.

ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. स्टेशनाच्या चौकात जो माणूस घराचा मालकही नाही आणि भाडेकरूही नाही, त्याला देशाच्या कायद्याने 'स्थानिक' मानलं ते इथे. मुंबईत २०१४च्या पाहणीत सुमारे ९९ हजार अर्ज आले, पात्र ठरले ३२ हजारांच्या आसपास. समितीच्या विक्रेता प्रतिनिधींसाठी मतदान झालं २९ ऑगस्ट २०२४ला. कायद्यानंतर दहा वर्षांनी. या दहा वर्षांत पालिकेची फेरीवाले उठवणारी गाडी दिसली की रोज संध्याकाळी 'गाडी आली'ची आरोळी उठायची तशीच उठत राहिली. ताडपत्रीची चार टोकं एका झटक्यात गोळा करून गल्लीत पळणाऱ्या माणसाकडे पाहिलं की कळतं, हा माणूस गाठ बांधायची नाही, फक्त मूठ आवळायची, हे कधीतरी ठरवून शिकला आहे. गाठ सोडवायला वेळ जातो. गाडी वीस मिनिटांत निघून जाते, ताडपत्री पुन्हा अंथरायची असते.

दुकानदारांची बाजूही ऐकावी. ते कर भरतात, त्यांच्या दारात पथारी पडते, दुकान दिसतच नाही. टोरोंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातल्या दुकानदारांनी १९७०मध्ये स्वतःवरच एक जादा कर लावून घेतला आणि त्या पैशातून आपला रस्ता सजवला. जगभर आज तो नमुना वापरतात. आपल्याकडे तो उचलायचा म्हटलं तर पहिला प्रश्न येईल की कर भरणाऱ्यांच्या त्या मंडळात भाजीवालीला खुर्ची आहे का. नसेल तर ते मंडळही एएलएमच होईल, फक्त शटरवालं.

भाजीवालीवरून आठवलं. आमच्या स्टेशनबाहेर एक मावशी बसतात, वीसेक वर्षं तरी. त्यांच्याकडे महापालिकेच्या जुन्या दैनिक पावत्यांची एक पुरचुंडी आहे, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली. तेव्हा पालिका जागेचे पैसे घेऊन पावती फाडत असे. शाई उडाली आहे, पण आपण इथे बसत होतो याचा त्यांच्यापाशी तेवढाच कागद. पाहणीच्या वेळी तो दाखवला होता, म्हणाल्या. पुढे काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही आणि मलाही काढता आलं नाही.

आमच्या गल्लीतल्या काकूंची आणि या मावशींची गाठ खड्ड्यामुळे पडली. सोसायट्यांत हल्ली लोक चिरलेली भाजी मागवतात, त्यामुळे खड्ड्याला हिरवं कमी पडायला लागलं, आणि मावशींकडे रोज रात्री फ्लॉवरच्या पाल्याचा आणि कोथिंबिरीच्या देठांचा ढीग उरायचा. तो तिथेच टाकला तर दुसऱ्या दिवशी गाडीला कारण मिळे. काकू म्हणाल्या, 'अहो मावशी, मला द्या तो पाला, माझा खड्डा उपाशी आहे.' मावशींनी बदल्यात एवढंच मागितलं की रात्री काटा आणि बाटल्या ठेवायला कुठे जागा मिळेल का. काकूंनी पंपाच्या खोलीचा कोपरा दाखवला. सहा महिने हे बिनबोभाट चाललं. त्या वर्षीचं खत मी पाहिलं आहे, पहिल्या वर्षाच्या खताहून चांगलं.

मग वार्षिक सभेत कुणीतरी विषय काढला. बाहेरचा कचरा आपल्या आवारात का? आणि पंपाच्या खोलीची किल्ली फेरीवालीकडे कशी? चर्चा झाली, काकू एकट्या पडल्या. इतिवृत्तात ठराव आहे, मीच लिहून घेतला आहे, त्या वर्षी सचिव मी होतो: 'परिसराबाहेरील कचरा आवारात आणू नये. सर्वानुमते मंजूर.' काकूंनी त्यावर सही केली नाही. मी त्यांना विचारलंही नाही.

मावशी अजून पाला आणतात. आता गोणी फाटकाच्या बाहेर, भिंतीला टेकवून ठेवतात आणि साडेनऊची गाडी पकडायला निघून जातात. काकू जेवण उरकून खाली येतात, गोणी ओढत आत नेतात. वॉचमन त्या वेळी नेमका पाणी प्यायला जातो.